जपानी इलेक्ट्रो-पंक एवढं डोक्यात का घुसतं? आणि पुढे काय ऐकू?

बॅटरी_लो

मंडळी, मला संगीतातलं शास्त्र वगैरे काही कळत नाही हे आधीच सांगून टाकतो, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर हलके घ्या.

सध्या पॉलिसिक्स नावाचा जपानी बँड ऐकतोय, ऐकतोय म्हणजे दुसरं काही ऐकवतच नाहीये. युट्यूबने कुठूनतरी आणून पुढ्यात टाकला. नारिंगी बॉयलर सूट, डोळ्यांवर काळ्या पट्टीसारखे आडवे गॉगल, एक जण गिटार घेऊन अंगात आल्यासारखा उड्या मारतोय, ओरडतोय, आणि बाजूला सिंथवर (म्हणजे सिंथेसायझरवर) एक बाई, तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. पहिल्यांदा बघून हसलो, दुसऱ्यांदा परत लावलं, तिसऱ्यांदा लक्षात आलं की आपण हसत नाहीयोत, आपला पाय हलतोय.

आता माझी गंमत अशी की मला पंक झेपत नाही. तीन गाणी झाली की वाटतं बाबा तुझा राग समजला, आता बस. आणि निव्वळ इलेक्ट्रॉनिक लावलं तर थोड्या वेळाने ते कानामागे जातं, फॅनच्या आवाजासारखं. इथे दोन्ही एकत्र आहे तरी ना दमायला होत ना कंटाळा येत. शब्द तर एक कळत नाही. आणि एवढी आरडाओरड असून ऐकून झाल्यावर मूड चांगला होतो, हे काय प्रकरण आहे?

तर प्रश्न दोन. यात खरंच संगीताचं काही कारण आहे का मी फक्त "जपानी आहे म्हणून भारी" वाल्या सापळ्यात पडलोय? आणि दुसरं, यापुढे काय ऐकू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

मंद्रसप्तक

अरे वा, या विषयावर मराठीत धागा बघून बरं वाटलं.

सापळा आहे का ते नंतर बघू, आधी हे आकाशातून पडलेलं नाही एवढं सांगतो. पॉलिसिक्स १९९७ साली टोकियोत हिरोयुकी हायाशीने सुरू केला आणि नाव घेतलं कॉर्ग कंपनीच्या पॉलिसिक्स सिंथवरून, जो १९८१ साली आला होता, एका वेळी सहा सूर वाजवता येणारा, आणि त्या काळातल्या अमेरिकन पॉलिफोनिक सिंथांच्या मानाने बराच स्वस्त. म्हणजे बँडचं नावच एका यंत्राचं नाव आहे, यातच काय ते आलं.

पण मुळं अजून वीस वर्षं मागे जातात. १९७८ साली यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा आला, होसोनो, साकामोतो आणि ताकाहाशी हे तिघं, ते पंक अजिबात नव्हते, एकदम गुळगुळीत आणि हुशार पॉप. पण त्यांनी जपानमध्ये एक गोष्ट पक्की केली की सिंथ हे स्टेजवर मध्यभागी ठेवायचं वाद्य आहे आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. मग १९७९-८०च्या आसपास तीन बँड एकदम वर आले, पी-मॉडेल, प्लास्टिक्स आणि हिकाशू, तिकडे त्यांना टेक्नोपॉपची तीन मोठी घराणी म्हणतात. मला विचारशील तर तुझ्या आवडीचं खरं मूळ इथे आहे. पी-मॉडेलचा सुसुमु हिरासावा आधी मँड्रेक नावाचा लांबलचक प्रोग-रॉकवाला बँड चालवायचा, ते सगळं गुंडाळून त्याने छोटी, तुटक, टोचणारी गाणी करायला घेतली. आणि प्लास्टिक्समधली निम्मीअधिक माणसं संगीतातली नव्हतीच, एक ग्राफिक डिझायनर, एक इलस्ट्रेटर, एक स्टायलिस्ट, आणि एक जण रिदम बॉक्स, म्हणजे आपोआप ठेका वाजवणारं मशीन, सांभाळायचा. वाजवता येत नाही तर मशीनला वाजवू दे, आपण वर उभं राहून ओरडू. पंकवाले म्हणायचे तीन कॉर्ड शिका आणि बँड काढा, यांनी तेही शिकायचा त्रास वाचवला. :)

हे सगळं होतं तेव्हा सिंथ आणि रिदम मशीन बनवणाऱ्या कंपन्या, रोलँड, कॉर्ग, यामाहा, सगळ्या तिथल्याच, हे विसरू नको.

---

खवचट_बोका

मी जरा मीठ टाकतो.

मंद्रसप्तक यांनी मूळ सांगितलं पण एक नाव सोयीस्करपणे गाळलं, ते म्हणजे डीव्हो. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावचा बँड, एकसारखे पिवळे सूट, यंत्रासारख्या हालचाली, तुटक गिटार आणि वेडावाकडा सिंथ, हे सगळं १९७८च्या पहिल्या अल्बमपर्यंत करून झालेलं. हायाशी स्वतः हे लपवत नाही, डीव्होचा भक्त आहे तो. पॉलिसिक्सच्या एका अल्बमचं नाव "न्यू", त्याच नावाच्या जर्मन बँडवरून, पुढच्याचं नाव "ईनो", ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकारावरून. आता बोला.

आणि पंकला मशीन जोडायची कल्पनाही जपानची नाही. न्यूयॉर्कचे सुइसाइड, दोनच माणसं, एक ऑर्गन-कीबोर्ड, एक रिदम मशीन आणि एक गायक, गिटार नाही ड्रमर नाही, पहिला अल्बम १९७७. जर्मनीत ड्युसेलडॉर्फचा डाफ हा बँड. नंतर बर्लिनचे अटारी टीनएज रायट, १९९२पासून.

मग जपानी व्हर्जनचं एवढं कौतुक का? कारण रंगीत कपडे घालून कोणी उड्या मारल्या की बाकीचं जग म्हणतं "कित्ती जपानी ना!" हेच बर्लिनच्या पोरांनी केलं तर त्याला राजकारण म्हणतात आणि टोकियोच्या पोरांनी केलं की गंमत. धागाकर्त्याला दोष देत नाही, पण सापळ्याबद्दल विचारलंय म्हणून सांगतो, अर्धा पाय आत आहे.

वैयक्तिक मत: एक गाणं भारी, तीन गाणी मस्त, अख्खा अल्बम सलग ऐकला की डोक्यात मिक्सर चालू राहतो. सतत दहावर व्हॉल्यूम म्हणजे एनर्जी नव्हे.

---

ठोकळेबाज

मी ड्रम वाजवतो (हौशी), आणि क्लिकवर, म्हणजे कानात चालणाऱ्या ठरलेल्या टिकटिकीवर, वाजवायची वेळ बऱ्याचदा येते, म्हणून बॅटरी_लोच्या "दमायला का होत नाही" या प्रश्नाला माझ्या बाजूने उत्तर देतो. इतिहास ज्याचा त्याने बघावा.

साध्या पंक बँडमध्ये चार माणसं असतात आणि चौघं एकमेकांकडे बघून वाजवतात. कोरस आला की ड्रमर तापतो, वेग वाढतो, बाकीचे त्याच्यामागे धावतात. ती धाव म्हणजेच पंकची मजा, गाणं कधीही कोसळेल असं वाटत राहतं.

सिंथचा सीक्वेन्सर, म्हणजे आधी भरून ठेवलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्र, एकदा चालू केला की तो काही ऐकत नाही. तू तापलास, तुला घाम आला, पब्लिक पेटलं, त्याला फरक पडत नाही, तो त्याच्या लयीतच जाणार. त्यामुळे ड्रमरच्या कानात हेडफोनमधून क्लिक असते आणि त्याला तिच्याशी बांधून राहावं लागतं. मग उत्साह जाणार कुठे? वेगात जायला वाव नाही. मग तो फटक्याच्या जोरात जातो, कुठला ठोका दाबून मारायचा त्यात जातो, गाणाऱ्याच्या घशात जातो, उड्यांमध्ये जातो. माणूस सुटायला बघतोय आणि लय सोडत नाहीये, ही जी ओढाताण आहे ना ती ऐकणाऱ्याला अंगात जाणवते, त्याला कारण कळो न कळो.

हिशोब करून बघ. १८० बीपीएमचं (मिनिटाला १८० ठोक्यांचं) गाणं धर, म्हणजे सेकंदाला ३ ठोके. सिंथ त्यावर सोळावे भाग वाजवतोय, एका ठोक्यात चार सूर, म्हणजे सेकंदाला १२ सूर, दोन सुरांत जेमतेम ८३ मिलिसेकंद. त्यात माणसाने गिटारचा फटका पंचवीस-तीस मिलिसेकंद इकडे तिकडे मारला की लगेच चिखल ऐकू येतो. म्हणून या बँडांची प्रॅक्टिस भयानक पक्की असते. दिसतो धिंगाणा, पण आत सगळं मोजूनमापून बसवलेलं असतं. धिंगाणा करायची मुभाच त्यामुळे मिळते, खाली जमीन हलत नाही हे माहीत असलं की माणूस वर कितीही नाचतो.

आणि हे यलो मॅजिक ऑर्केस्ट्राच्या ताकाहाशीपासून चालत आलंय. तो १९७९-८०च्या टूरमध्ये हेडफोन लावून क्लिकवर जिवंत ड्रम वाजवायचा, शेजारी रोलँडचा एमसी-८ सीक्वेन्सर, ज्याला एकेक सूर आकड्यांत टाईप करून भरावा लागायचा आणि तो डेटा कॅसेटवर साठवायचा. स्टेजवर ते मशीन रुसलं तर काय होत असेल विचार करा, मला तर कल्पनेनेच घाम फुटतो.

बोका, डीव्होबद्दल बरोबर आहे तुझं, पण डीव्हो बराच सुटा सुटा वाजतो, त्यात हवा आहे. पॉलिसिक्समध्ये हवा ठेवतच नाहीत. कॉपी म्हणायला हरकत नाही, पण वेग आणि घनता बदलली की माल बदलतो.

---

बॅटरी_लो

ठोकळेबाज, हे वाचून परत लावलं आणि आता तेच ऐकू येतंय, डोक्यातून जाईना, धन्यवाद आणि शिव्या दोन्ही घ्या.

पण अजून एक. आवाजातच काहीतरी आहे. गिटार कुठे संपते आणि सिंथ कुठे सुरू होतो हे मला कळतच नाही कितीही कान लावला तरी. हे माझ्या स्वस्त इअरफोनमुळे का मुद्दाम तसं करतात?

आणि शब्दांचं कोणी बोललंच नाही. न कळणाऱ्या भाषेतली इतर गाणी मी दोनदा ऐकून सोडून देतो, इथे तसं का होत नाही?

---

ठोकळेबाज

इअरफोनचा दोष नाही. गिटारला जबरी डिस्टॉर्शन लावलं की तिच्या लहरीचे शेंडे कापले जातात, गोलसर लहर चौकोनी व्हायला लागते. सिंथमधली स्क्वेअर वेव्ह तर जन्मतःच चौकोनी. म्हणजे दोघं जण दोन दिशांनी चालत येऊन एकाच जागी पोचतात. त्यात दोन्ही एकच तुकडा वाजवत असतील तर कानाला एकच मोठं जनावर ऐकू येतं. ते वेगळं काढायचं असेल तर सूर सुरू होतो तो क्षण ऐक, गिटारला पिकचा खरखरीत "चक्" असतो, सिंथला नसतो.

आणि माझा एक अंदाज, पटला तर घ्या. फॅमिकॉम, निन्टेन्डोचा तो गेम कन्सोल, जपानमध्ये १९८३ला आला. त्याच्या चिपमध्ये दोन पल्स वेव्हचे चॅनल, एक ट्रँगल, एक नॉइज आणि एक सँपलचा, बस एवढ्यावर सगळं संगीत. तिकडच्या ज्या पोरांनी नव्वदीत बँड काढले त्यांच्या कानांनी लहानपणी हे किती तास ऐकलं असेल! त्यांच्यासाठी चौकोनी लहर म्हणजे काही भविष्यातला वगैरे आवाज नाही, शाळेतून आल्यावरचा आवाज आहे. त्यामुळे तो कर्कश्श असूनही त्यात खेळकरपणा राहतो. युरोपातल्या बँडांत हाच आवाज कारखान्यातला वाटतो.

---

टोकदार

शब्दांचं मी बोलते. भाषाशास्त्र शिकले आहे, वापरायची संधी कधी मिळत नाही, तर आज घ्या.

जपानी भाषा मात्रांवर चालते. आपल्याकडे मात्रावृत्तात लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन, तसाच हिशोब, फक्त त्यांचा रोजच्या बोलण्यातसुद्धा. "टोकियो" आपण तीन अक्षरी म्हणतो, त्यांच्या मोजणीत त्या चार मात्रा आहेत, तो-ओ-क्यो-ओ, आणि चारही साधारण सारख्या लांबीच्या. शिवाय बहुतेक अक्षरं स्वरात संपतात, व्यंजनांचे गठ्ठे जवळजवळ नाहीतच. इंग्रजी तशी नाही, तिथे एका शब्दावर जोर देऊन बाकीचे गिळून टाकतात, म्हणून इंग्रजी पंक गायक ओढून ताणून ओळ बसवत असतो. जपानीत एक मात्रा, एक सूर, टकाटक बसत जाते. ठोकळेबाज म्हणतात त्या सोळाव्या भागांवर ही भाषा ड्रमसारखी वाजवता येते. म्हणून शब्द न कळता पण तू ते तोंडाने म्हणू शकतोस, बरोबर? मला खात्री आहे तू चुकीचं का होईना पण बरोबर म्हणत असणार.

आणि आता खरी गंमत. पॉलिसिक्सचे शब्द बऱ्याचदा जपानी माणसालाही कळत नाहीत! थोडं जपानी, थोडं इंग्रजी, आणि उरलेलं चक्क अर्थहीन बडबड, हायाशीने तोंडाला येईल ते ठेवून दिलेलं. त्यात व्होकोडरमधून, म्हणजे माणसाचा आवाज रोबोसारखा करणाऱ्या यंत्रातून, गेलेला आवाज. म्हणजे तू काही मुकत नाहीयेस. टोकियोतला श्रोता आणि तू एकाच बाकावर आहात.

इतर न कळणारी गाणी तू सोडतोस कारण तिथे गायक काहीतरी सांगतोय आणि ते आपल्यापर्यंत पोचत नाही याची टोचणी राहते. इथे सांगणंच नाहीये.

---

खवचट_बोका

टोकदारताई, मात्रांचं पटलं. पण मग रागाचं काय? "जपानी पंक म्हणजे आनंदी उड्या" असा समज या धाग्यावर तयार होतोय तो मोडून काढणं माझं कर्तव्य.

१९८०ला सुरू झालेला स्टालिन नावाचा बँड, गायक मिचिरो एंदो, हा माणूस स्टेजवरून लोकांवर डुकराची आतडी फेकायचा. हानाताराश नावाच्या दोन जणांच्या नॉइज प्रकरणात यामात्सुका आय १९८५ला टोकियोच्या एका हॉलमध्ये खोदकामाची मशीन, हो तीच पिवळीवाली, भिंतीतून घुसवून आत आला होता. हाच आय पुढे बोरडम्स या बँडचा म्होरक्या. तेव्हा तिकडे गोड गोड चाललेलं असतं हे डोक्यातून काढा.

पॉलिसिक्समध्ये राग नाही हे खरं, पण ती त्यांची निवड आहे, देशाचा स्वभाव नाही. मला स्वतःला या प्रकारात आवडतो तो मॅड कॅप्सूल मार्केट्स. सुरुवातीला साधा हार्डकोर पंक, मग नव्वदीच्या उत्तरार्धात सँपलर आणि सीक्वेन्सर घुसवत गेले, आणि १९९९चा "ऑस्क-डिस" अल्बम. तिथे मशीन चेष्टेसाठी नाही, अंगावर यायला आहे. आणि त्यात भर म्हणजे चाली! एवढ्या आवाजाखाली एकदम साधी, गुणगुणता येणारी चाल निघते.

हो, मान्य, हे वाक्य पॉलिसिक्सलाही लागू होतं. पुढे चला.

---

परतलेली

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. मी काही वर्षं टोकियोत नोकरीला होते आणि बोकोबा जे "सतत दहावर" म्हणतात त्याचं एक व्यवहारातलं कारण मला तिथे दिसलं, ते लिहिते.

हे बँड वाढतात लाइव्ह हाऊसमध्ये. शिमोकिताझावा, कोएंजी, शिंजुकू, या भागांत इमारतींच्या तळघरात छोट्या छोट्या जागा आहेत, शंभर-दोनशे माणसं मावतील न मावतील. दारात तिकीट आणि वर ड्रिंकचे ५००-६०० येन सक्तीने, कारण यातल्या बऱ्याच जागांचा परवाना खाण्यापिण्याच्या दुकानाचा असतो. एका संध्याकाळी चार-पाच बँड, प्रत्येकाला जेमतेम अर्धा तास. संध्याकाळी साडेसहा-सातला सुरू आणि शेवटच्या ट्रेनच्या बऱ्याच आधी सगळं आवरलेलं.

आणि नोरुमा. म्हणजे नवीन बँडला जागा सांगते की एवढी तिकिटं तुम्ही विकायची. समजा २००० येनची २० तिकिटं, आठच विकली गेली तर उरलेल्या बाराचे २४,००० येन बँडने खिशातून भरायचे. म्हणजे पोरं पैसे देऊन वाजवतात. समोर जे पब्लिक आहे त्यातलं अर्धं दुसऱ्याच बँडसाठी आलेलं. आता अशा जागी अर्ध्या तासात तुम्ही हळूहळू मूड तयार करत बसाल का? पहिल्या सेकंदाला लाथ घालावी लागते. एकसारखे कपडे, एक घोषणा, लक्षात राहील असा चेहरा, हे सगळं तिथून येतं. हायाशीची "तोइस!" ही आरोळी ऐकली असशील, ती काय उगाच नाही. चार बँड बघून घरी जाताना माणसाला काय आठवेल? नारिंगी सूट आणि तोइस.

पब्लिक पण बघण्यासारखं. गाणं संपलं की टाळ्या, आणि मग एकदम शांतता, बँड ट्यूनिंग करतोय आणि सगळे गप्प उभे, पहिल्यांदा मला वाटलं लोकांना आवडलेलं नाही. पुढचं गाणं सुरू झालं की पुढचे सगळे एकाच वेळी हवेत. माझ्या शेजारी एकदा ऑफिसच्या कपड्यातली बाई होती, बॅग आणि कोट कॉइन लॉकरमध्ये, गळ्यात टॉवेल, अर्धा तास अशी नाचली की विचारू नका, मग केस बांधले, टॉवेल घडी करून पिशवीत, आणि स्टेशनकडे. ठोकळेबाज म्हणतात ते "आत सगळं मोजूनमापून" स्टेजखालीही तसंच चालतं.

त्यामुळे बोकोबा, रेकॉर्डवर सलग ऐकून दमायला होतं हे खरंच आहे, ते संगीत अर्ध्या तासाच्या मापाने शिवलेलं आहे. अर्धा तास ऐका आणि बंद करा.

---

मंद्रसप्तक

परतलेली, +१००. हे माहीतच नव्हतं, नोरुमाचं गणित वाचून आता प्रत्येक बँडबद्दल आदर वाढला.

बॅटरी_लो, तुझा दुसरा प्रश्न राहिला, तर यादी नाही देत, रस्ता सांगतो.

आधी मागे जा. पी-मॉडेलचा १९७९चा पहिला अल्बम लाव, तुला वाटेल अरे हे तर तेच, फक्त कपडे साधे. मग बोकोबांचा मॅड कॅप्सूल मार्केट्स. तो बँड २००६ला थांबला, पण त्यातला बास वाजवणारा ताकेशी उएदा थांबला नाही. बेबीमेटलचं ते चॉकलेटवालं गाणं माहितेय ना, २०१४ला जगभर फिरलेलं? त्याची चाल उएदाची. एकदा हे कळलं की त्या गाण्याखालचं इंजिन कुठल्या गॅरेजमधलं आहे ते लगेच ओळखू येतं.

थोडं रुंद, नाचायच्या अंगाने जाणारं हवं असेल तर बूम बूम सॅटेलाइट्स. गिटार आणि इलेक्ट्रॉनिक्स, पण यात उड्या कमी आणि लाटा जास्त. गायक कावाशिमा मेंदूच्या ट्यूमरशी अनेक वर्षं झगडत गात राहिला, २०१६ला गेला. त्याच वर्षीचं शेवटचं काम ऐकताना मला अजून जड जातं, पण त्यात दुःखाचा सूर नाही, उजेड आहे.

आणि शेवटी मेल्ट-बनाना. शेवटी म्हणजे शेवटीच ऐक, आधी नको. १९९२पासूनचा बँड, आता दोघंच, यासुको ओनुकी गाते आणि इचिरो आगाता गिटार वाजवतो. ड्रम आणि बास कॉम्प्युटरवर, आणि ते ती हातातल्या छोट्या कंट्रोलरने स्टेजवरून चालवते. आगाता तोंडाला मास्क लावून वाजवतो, स्टेजवर नाकातून रक्त यायचं म्हणून लावायला लागला आणि मग तीच त्याची ओळख झाली. गिटारमधून तो लेझर गनसारखे आवाज काढतो, पेडलवर पेडल.

नवीन लोकांत कोबेचा फिअर अँड लोदिंग इन लास व्हेगास आहे, ट्रान्सवाला सिंथ, ऑटोट्यून आणि त्यावर किंचाळणं. मला नाही झेपत पण तू तरुण दिसतोस.

---

खवचट_बोका

शेवटचा बँड सांगून केलेल्या सगळ्या चांगल्या कामावर पाणी ओतलंत.

---

बॅटरी_लो

सगळ्यांना दंडवत. शनिवार-रविवार घरच्यांच्या शिव्या खात ऐकलं, आता रिपोर्ट.

पी-मॉडेल: आवडलं, पण डोक्याने आवडलं, पाय हलला नाही. पहिल्यांदाच वेग म्हणजे काय फरक करतो ते कळलं. मॅड कॅप्सूल: बोकोबा, तुम्ही चालीबद्दल म्हणालात ते शंभर टक्के, सकाळपासून गुणगुणतोय. पण मला त्यात भीती वाटते थोडी, पॉलिसिक्समध्ये वाटत नाही, आणि मला वाटतं ती सिंथवाली बाई आहे ना, कायो, तिच्यामुळे. तो एवढा उड्या मारतो आणि ती ढिम्म, त्यामुळे डोळ्याला धरायला एक खुंटी मिळते. शोधलं तर कळलं ती २०१० साली मार्चमध्ये टोकियोच्या बुडोकान हॉलमध्ये शेवटचा शो करून बँडमधून गेली. त्यानंतरचे व्हिडिओ बघितले, वाजवतात भारी, पण तिघंही तापलेलेच, मला तेवढी मजा नाही आली. यावर कोणाचं काय मत?

मेल्ट-बनाना मात्र आधी लावला, सांगितलेलं ऐकलं नाही. पहिलं मिनिट फोन बिघडला असं वाटलं. मग नुसतं ऐकायच्या ऐवजी लाइव्हचा व्हिडिओ बघितला, ती हातातलं ते खेळणं असं फिरवते की जणू ड्रमर तिच्या मुठीत आहे, आणि ते बघितल्यावर ऐकूही यायला लागलं. २०१३ नंतर थेट २०२४ला अल्बम काढलाय म्हणे, ११ वर्षं, आणि वेग तसूभर कमी नाही!

टोकदार, हो, तोंडाने म्हणतो, आणि नाही, सांगणार नाही काय म्हणतो ते.

---

ठोकळेबाज

कायोबद्दल माझं मत तुझ्या उलट. ती गेल्यावर हायाशी आणि फुमी यांना सिंथचं कामही वाटून घ्यावं लागलं, फुमीचा बास जास्त पुढे आला, आणि यानोचे ड्रम नीट ऐकू यायला लागले. बघायला कमी, वाजवायला जास्त. २०१७ला नाकामुरा रियो आल्यावर परत चौघं झाले, ते लाइव्ह बघ एकदा, मग भांडू.

आणि बघताना एक कर. गाणारा माणूस सोड, उड्या सोड, फक्त हाय-हॅट (ड्रम सेटमधली झांजांची जोडी) ऐक अख्खं गाणं. सीक्वेन्सरच्या किती जवळ बसतोय ते बघ.

---

खवचट_बोका

हाय-हॅट ऐकला. अख्खा अल्बम ऐकला. डोक्यात मिक्सर चालू आहे. परतलेली ताई, अर्ध्या तासाचा नियम पाळला नाही.

---

परतलेली

मग टॉवेल तरी घेतला होता का? :)